प्रकरण चौदावे : मास्टर नाही म्हणाली

केक शर्टाच्या आकाराचा होता आणि त्याची कॉलर चुकली होती. डावं टोक उजव्यापेक्षा अर्धं बोट लांब. मास्टरच्या ते बघताक्षणी लक्षात आलं. पण कटिंग खात्यातल्या पोरींनी शुक्रवारी, तिच्या शेवटच्या दिवशी, डोळे पुसत हातात दिलेला केक तो, त्याला नावं कशी ठेवणार? तिनं सुरी घेतली आणि पहिला तुकडा मुद्दाम कॉलरचाच कापला.

"बघा, नोकरी संपली तरी कापणं संपत नाही," तिची थोरली नणंद, अक्का, म्हणाली आणि सगळे हसले.

रविवारची दुपार होती. जेवणं उरकली होती, पुढच्या खोलीत घरचीच माणसं होती. मुलगा भिंतीला टेकून, सून जमिनीवर सतरंजीवर, तिच्या मांडीवर आठ महिन्यांचं बाळ, अक्का सोफ्याचा मधला भाग अडवून, आणि मास्टरचा नवरा खिडकीपाशी त्याच्या ठरलेल्या खुर्चीत. दोन वर्षांपूर्वी बसच्या डेपोतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाल्यापासून तो त्याच खुर्चीत असायचा. इतका, की खोली झाडताना खुर्चीबरोबर त्यालाही थोडं सरकावं लागायचं.

मास्टर हे नाव तिला कारखान्यानं दिलं आणि मग गल्लीनं उचललं. ती कामाला लागली तेव्हा बायका शिलाईच्या मशीनवर आणि पुरुष कटिंगच्या टेबलावर, अशी वाटणी होती, आणि ती कुणी कागदावर लिहिली नव्हती म्हणूनच जास्त पक्की होती. ती तर शिलाईवरही नव्हती, तयार शर्टांचे लोंबते धागे कापायला बसायची. बसल्या जागेवरून लांब टेबल दिसायचं. शंभर शंभर थर कापडाचे, त्यांच्यावर साचे मांडलेला कागद, आणि त्यातून सरसर फिरणारं कटर मशीन. सहा वर्षं तिनं ते नुसतं बघितलं. मग आठ हजार शर्टांच्या एका ऑर्डरीला कापड कमी पडलं, जुन्या मास्टरनं हात टेकले, आणि ही उठून म्हणाली, "कफ उलटे फिरवून बाहीच्या खोबणीत बसवले तर?" लोक हसले. तिनं गुडघ्यावर बसून साचे फिरवले. कापड पुरलं, वर आठ शर्टांचं उरलं. तेव्हापासून आजवर त्या टेबलावर तिचा शब्द शेवटचा होता.

मुलानं सरबताचा ग्लास उंचावला. "मी दोन शब्द बोलणार आहे."

"दोनच बोल," अक्का म्हणाली.

"आईनं एवढी वर्षं खूप केलं. आता एक तारखेपासून आईची बदली झालेली आहे. नवीन खातं, नातू. कामाची वेळ, सकाळी आठ ते बाळ झोपेपर्यंत. रजा नाही, आणि साहेब फार रडका आहे." त्यानं बाळाकडे बोट दाखवलं. अक्कानं टाळ्या वाजवल्या. सूनही हसली, पण हसताना तिनं सासूकडे बघितलं आणि तिचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"नाही," मास्टर म्हणाली.

"काय नाही?"

"मी नाही सांभाळणार. म्हणजे संध्याकाळी सांभाळेन, सुट्टीच्या दिवशी सांभाळेन. दिवसभर नाही. मला काम आलंय."

बाळानं तेवढ्यात आईच्या ताटलीतला केक मुठीत धरला, तरी कुणाचं लक्ष गेलं नाही.

मग तिनं सांगितलं. नदीपलीकडे कंपनीचं नवं युनिट होतंय. तिथं कटिंग शिकवायचा वर्ग सुरू करायचाय, मुलींसाठी मुख्यतः. तो चालवायला तिला बोलावलंय. दोन वर्षं, आठवड्याचे पाच दिवस, एक तारखेपासून. मॅनेजर स्वतः टेबलापाशी येऊन म्हणाला होता, तुम्ही नाही म्हणालात तर वर्ग पुढं ढकलू, दुसरं कुणी आम्हाला नकोय. हे वाक्य सांगताना तिचा आवाज जरा चढला. तिला तो चढू द्यायचा नव्हता, पण चढला.

"अगं पण तू निवृत्त झालीस ना?" मुलगा म्हणाला.

"वय झालं म्हणून झाले. काम येत नाही म्हणून नाही."

"कधी विचारलं त्यांनी?"

"झाले दहा दिवस."

सून उठली. बाळाला कडेवर घेतलं, त्याची केकानं माखलेली मूठ धरली आणि स्वयंपाकघरात गेली. ती आदळआपट करणारी मुलगी नव्हती. तिचा राग नळाच्या आवाजावरून ओळखावा लागायचा. आज नळ पूर्ण सोडलेला होता.

मास्टर तिच्यामागे गेली.

"दहा दिवस, आई," सून पाठ न वळवता म्हणाली. ती एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. "दहा दिवसांपूर्वी सांगितलं असतंत तर मी काहीतरी बघितलं असतं. पाळणाघरांत नावं देऊन ठेवायला लागतात. रजा संपतेय, मला एक तारखेला हजर व्हायचंय. नाही गेले तर त्या जागेवर दुसरी येईल, आणि मग मला रात्रपाळीच्या यादीत टाकतील. मी धरूनच चालले होते. तुम्ही एकदाही नाही म्हणाला नाहीत."

"कुणी विचारलंच नाही मला," मास्टर म्हणाली. मग स्वतःलाच ते अपुरं वाटलं. "आणि मी सांगितलंही नाही. धीर झाला नाही."

"तुम्हाला? धीर?"

मास्टरनं नळ बंद केला. "कापडावर मशीन चालवताना मला कधी भीती वाटली नाही. पोलादी जाळीचा हातमोजा असतो हातात, पण त्याच्यामुळं नाही. हातालाच माहीत असतं. पण घरात, मला हे हवंय, असं म्हणायची मला कायम भीती वाटत आली. तुला एक सांगते. टेबलापाशी उभी राहिले की मला बरं वाटायचं. खूप बरं वाटायचं. आणि बरं वाटतंय म्हणून वाईट वाटायचं. पोरगा घरी, आणि आपण इथं खूश, म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी असणार. असं वाटत वाटत सगळी वर्षं गेली."

सून वळली. तिचे डोळे लाल होते. "परवा मी नुसती हॉस्पिटलात कागद द्यायला गेले होते," ती हळू म्हणाली. "मशीनचा तो आवाज आला, आणि मला इतकं बरं वाटलं. येताना बसमध्ये रडले."

दोघी ओट्याशी तशाच उभ्या राहिल्या. बाळ मास्टरच्या गळ्यातल्या साखळीशी खेळायला लागलं. आता एकमेकींची बाजू घ्यावी की स्वतःची, हे दोघींनाही कळेना.

त्या बाहेर आल्या तेव्हा अक्का तयारच होती. अक्कानं मनात काही ठेवलं असं कधी झालं नव्हतं. निदान घरच्यांचा तसा समज होता.

"एक बोलू?" ती म्हणाली. "तुझं पोर कुणी वाढवलं? माझ्या आईनं. तू कटिंग मास्टर झालीस ती तुझ्या हुशारीनं, मान्य. पण सकाळी साडेसातला तुझा मुलगा आईच्या कडेवर असायचा म्हणून झालीस. आता ह्या पोरीची वेळ आलीय, तर तू टेबलाकडं चाललीस?"

"सासूबाईंनी आनंदानं केलं, अक्का. त्या मला दारापर्यंत सोडायला यायच्या. जा, मागं बघू नकोस, म्हणायच्या."

"आनंदानं!" अक्काचा आवाज एकदम फाटला. "तुला माहीत तरी आहे का? डेपोचं कॅन्टीन आईला चालवायला देत होते. हाताखाली दोन माणसं, स्वतःची किल्ली. आईनं आयुष्यात दुसऱ्यांदा नवी चप्पल घेतली होती त्यासाठी. आणि त्याच आठवड्यात तुझं परत कामावर जायचं ठरलं. तिनं नाही म्हणून कळवलं. मला म्हणाली, सुनेला सांगू नकोस, तिचं कामात लक्ष लागणार नाही. मी बोलले नाही. तीस वर्षं बोलले नाही."

मास्टर सतरंजीवर बसली.

सासूबाई तिच्या डोळ्यांसमोर आल्या. दारातल्या, कडेवर पोर घेतलेल्या, पदरानं त्याचं नाक पुसणाऱ्या. त्या कधी कुरकुरल्या नव्हत्या. आणि आपण कधी विचारलं नव्हतं. जी माणसं कुरकुरत नाहीत त्यांना काही हवंच नसतं, असं आपण सोयीनं धरून चाललो. आज मुलानं आपल्याबद्दल जे धरलं, अगदी तेच.

"मी विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "तुमचं खरं आहे, अक्का. माझं चुकलं."

अक्काला हे अपेक्षित नव्हतं. भांडायला पुढं झालेला माणूस समोरचं दार उघडंच असलं की जसा थांबतो, तशी ती थांबली.

"पण मी आता घरी बसले तर सासूबाईंना कॅन्टीन मिळणार आहे का?" मास्टर पुढं म्हणाली. "तीस वर्षांनी ही अठ्ठावन्नची होईल. तेव्हा हिला कुणीतरी असंच बसवून सांगेल, तुझ्या सासूनं तुझ्यासाठी काय काय सोडलं, आता तू सोड. हे कुठंतरी थांबायला नको?"

"थांबव की. पण मग त्याला कोण बघणार?" अक्कानं बाळाकडे हात केला. "भिंतीला टांगून ठेवायचं?"

"आणि मी?"

आवाज खिडकीकडून आला. सगळ्यांनी माना वळवल्या. मास्टरचा नवरा खुर्चीतून उठून उभा होता.

"तुम्ही काय?" मास्टरनं विचारलं.

"मघापासून चाललंय, कोण सांभाळणार, कोण सांभाळणार. ही जाणार, ती जाणार. मी या खोलीतच आहे. दोन वर्षं घरातच आहे. माझ्याकडं कुणी नुसतं बघितलंही नाही."

अक्का खो खो हसली. "तू? अरे तुला स्वतःचे मोजे सापडत नाहीत!"

तो हसला नाही. "अक्का, मी चौतीस वर्षं एकाच रस्त्यावर गाडी चालवली. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक आरसा असतो, आतली माणसं दिसतात त्यात. शाळेच्या थांब्यावर एक मुलगी चढायची, पहिलीत असताना. दप्तर तिच्यापेक्षा मोठं. ती आरशात वाढली माझ्या. दात पडलेले बघितले, आलेले बघितले. परीक्षेच्या दिवशी तिचं तोंड बघून मला कळायचं पेपर कसा गेला ते. एक दिवस ती स्वतःचं बाळ घेऊन चढली. मी गाडी हळू चालवली त्या दिवशी." त्यानं मुलाकडं बघितलं. "तुझे दात कधी पडले ते मला माहीत नाही."

मुलगा भिंतीपासून सरळ झाला.

"लोक म्हणायचे, सुखी माणूस आहेस. डबा वेळेवर, गणवेशाला इस्त्री, पोरगा हुशार. मी पण म्हणायचो, हो, सुखी आहे. खोटं नव्हतं ते. दुसरं काही असतं हेच माहीत नव्हतं."

"आणि मला विचारायचे, कसं जमतं हो तुम्हाला?" मास्टर म्हणाली. "दर चार दिवसांनी कुणीतरी. तुम्हाला विचारलं कुणी कधी? गाडी चालवून मुलगा कसा सांभाळता म्हणून?"

"नाही. एकदाही नाही."

"बाळाचा लंगोट बदलता येतो तुम्हाला?" तिच्या स्वरात धार होती.

"येतो."

"कधी शिकलात?"

उत्तर सुनेनं दिलं. "चार महिने झाले, आई. दुपारी बाबाच झोपवतात त्याला. मी झोपवलं तर अर्धा तास झोपतो, बाबांनी झोपवलं तर दीड. अंगाईबिंगाई नाही. थांब्यांची नावं म्हणतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेवटचा थांबा यायच्या आत झोपलेला असतो. मला म्हणाले होते, मास्टरला सांगू नकोस."

"का?" मास्टरनं नवऱ्याला विचारलं.

"तू विचारलं असतंस, तेव्हा का नाही शिकलात."

"मग आता विचारते. तेव्हा का नाही?"

त्यानं मान खाली घातली नाही. तिला पुढं कितीतरी दिवस हेच आठवत राहिलं, की त्यानं मान खाली घातली नाही. "मला कुणी सांगितलं नाही, असं म्हणू शकतो. पण कुणी सांगत नाही याचं मला बरंच वाटायचं. हे खरं उत्तर आहे."

तिला राग आला. आपल्या वाट्याला न आलेली ती दीड दीड तासांची झोप, तापातल्या रात्री, डब्यांच्या सकाळी, सगळं एकदम आठवलं. आणि त्याच रागाच्या पोटात आणखी काहीतरी हललं. हा माणूस त्रेसष्टाव्या वर्षी लपून छपून लंगोट बदलायला शिकला होता आणि भर खोलीत, बहिणीसमोर, मुलासमोर ते सांगत होता. तिला त्याचा अभिमान वाटला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटतात, हे तिला नवं होतं.

"झालं तर मग!" मुलगा सुटल्यासारखा म्हणाला. "बाबा सांभाळतील. प्रश्न मिटला."

"मिटला नाही," सून म्हणाली.

तिनं बाळाला सासऱ्याच्या हातात दिलं आणि नवऱ्यासमोर जाऊन बसली. "बाबांचा गुडघा दुखतो. ते आठ ते चार बघतील, आनंदानं बघतील, मला खात्री आहे. पण बाळाला ताप आला, डॉक्टरकडं न्यायचं झालं, बाबाच आजारी पडले, तेव्हा कोण घरी राहणार?"

"तू..." मुलगा म्हणाला आणि थांबला. चार माणसं त्याच्याकडं बघत होती, त्यांत आत्याही होती. "म्हणजे, बघू ना तेव्हा."

"तेव्हा नाही. आत्ता."

"अगं मी ऑफिसात काय सांगू?" तो पुलांचे नकाशे काढायचा. त्याच्या खात्यात सगळे पुरुष, आणि कुणाच्या घरी मुलं आहेत हे कुणाला माहीतही नव्हतं.

"मी सांगायचे तेच सांग," मास्टर म्हणाली. "'मुलाला ताप आहे, आज लवकर जातो.' एवढंच वाक्य आहे. पहिल्यांदा जीभ अडखळते. मग होते सवय."

"साहेब काय म्हणतील?"

"मला म्हणायचे, मग घरीच का बसत नाही? तुला तसं नाही म्हणणार. तुझं बहुतेक कौतुक करतील. किती करतो हो मुलाचं, म्हणतील."

अक्का फिस्सकन हसली. मग सून हसली, मग सगळेच. मास्टर हसली नाही. मुलानं ते बघितलं आणि त्याचंही हसू विरलं. तो बराच वेळ ग्लासाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"गुरुवार माझा," शेवटी तो म्हणाला. "नकाशे घरून काढता येतात. कुणी कधी मागितलं नाही, पण येतात. आणि ताप आला तर आळीपाळीनं. एकदा तू, एकदा मी."

"पहिल्यांदा तू," सून म्हणाली.

"बरं, पहिल्यांदा मी." आणि मग, जरा थांबून, आईला, "मघाशी ते भाषण... मी विचारायला हवं होतं."

"हो," मास्टर म्हणाली. "हवं होतं." तिनं उरलेल्या केकचा मोठा तुकडा कापून त्याच्यापुढं सरकवला.

अक्काला सोडायला ती जिन्याखालपर्यंत गेली. रिक्षा यायची होती. दोघी फाटकाशी उभ्या राहिल्या.

"राग तुझ्यावर नव्हता माझा," अक्का रस्त्याकडे बघत म्हणाली. "म्हणजे होता. पण जास्त आईवर होता. एवढं मिळालेलं, आणि तिनं एका शब्दानं सोडलं. निदान भांडायचं तरी."

"त्या भांडल्या असत्या तर मी हरले असते, अक्का."

"हरली असतीस," अक्का समाधानानं म्हणाली. "माझी आई होती ती." रिक्षात बसता बसता तिनं मास्टरचा हात धरला, बोटांवरचे जुने कटरचे व्रण अंगठ्यानं चाचपले. "नीट शिकव त्या पोरींना," ती म्हणाली. "अर्धवट शिकवू नकोस."

एक तारखेला नव्या युनिटात मास्टरपुढं बावीस जणी उभ्या होत्या. भिंतींना अजून रंगाचा वास होता, टेबल इतकं नवं की हात टेकवताना संकोच वाटावा. ती त्यांना थरांवरून तळवा फिरवायला शिकवत होती. कुठं कापड सैल पडलंय हे डोळ्यांना दिसत नाही, तळव्याला कळतं. अकराला चहाची सुट्टी झाली तशी ती व्हरांड्यात आली आणि घरी फोन लावला. लावायचा नाही असं सकाळी ठरवलं होतं.

"काय?" नवरा कुजबुजला.

"रडला का?"

"मी?"

"बाळ हो!"

"तुम्ही सगळे गेल्यावर जरा रडला. मग खाली घेऊन गेलो. बाकावर डेपोतले दोघं भेटले, सकाळचा पेपर वाचत होते. म्हणाले, आज बायको कुठाय? म्हटलं, मास्टर शिकवायला गेलीय, नदीपलीकडं, नवं युनिट काढलंय तिच्यासाठी."

"माझ्यासाठी कुठं काढलंय!"

"मी तसंच सांगितलं. मग म्हणाले, आणि तू हे काय करतोयस? म्हटलं, दिसत नाही का, ड्यूटीवर आहे."

व्हरांड्यातून खाली रस्ता दिसत होता. एक बस वळणावर थांबून निघाली. मास्टर ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

"आहेस का?" त्यानं विचारलं.

"आहे."

"मग ठेव आता. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

त्यानंच फोन ठेवला. ती क्षणभर तशीच उभी राहिली, मग साडीचा पदर खोचून आत आली. बावीस जणींनी चहाचे पेले खाली ठेवले.

"चला, हात धुवून या सगळ्या," मास्टर म्हणाली. "कापड पांढरं आहे."